हजार-दीड हजाराची फोटोसेल जोडी शटरला पुरते का?

बंगल्याच्या पार्किंगला मोटरचं शटर बसवून घेताना पुण्यात चौकशी होते ती मोटर किती किलोची, रिमोट किती मिळणार आणि पट्ट्यांना रंग कोणता याची. उतरत्या शटरखाली कुणी आलं तर शटर थांबवणारी फोटोसेलची जोडी मात्र ‘लागली तर पुढे बघू’ म्हणून मागे पडते. ज्या घरात रांगतं मूल आहे, कुत्रा आहे किंवा हळू चालणारे आजी-आजोबा आहेत, तिथे ती मागे टाकायची गोष्टच नाही. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात गेट-ऑटोमेशनचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत जी साधी इन्फ्रारेड जोडी मिळते, तिचं हे परीक्षण. डब्यावर दर दुकानात वेगळं नाव छापलेलं असतं, आतला माल साधारण एकाच घडणीचा. घासाघीस जमली तर हजाराच्या आसपास, नाहीतर दीड हजारापर्यंत.

निकाल आधीच सांगतो. तीन ते चार मीटर रुंदीच्या घरगुती शटरला ही जोडी पुरते आणि घ्यायला हरकत नाही. पण दोन गोष्टी पैशाने सुटत नाहीत: जोडणी आणि तपासणी. या दोन्हींत कसूर झाली तर महागातली इटालियन जोडीसुद्धा भिंतीवरचा लाल दिवा म्हणूनच उरते.

डब्यात दोन चौकोनी डब्या निघतात, काळ्या-जांभळट प्लॅस्टिकच्या काचेच्या. एकीतून इन्फ्रारेड किरण निघतो, तो ट्रान्समीटर. दुसरी तो झेलते, तो रिसीव्हर. ट्रान्समीटरला दोनच टर्मिनल, अधिक आणि उणे. रिसीव्हरला पाच: अधिक, उणे, कॉमन, एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जुळलेलं) आणि एनओ (नॉर्मली ओपन, एरवी उघडं). काही जोड्यांत यातलं एक टर्मिनल कमी असतं आणि एनसी की एनओ हे एका बारक्या जंपरने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोपीने, ठरवायचं असतं. वीज १२ ते २४ व्होल्ट, एसी किंवा डीसी. इथे डबीवरचा कागद नीट वाचायचा, कारण काही जोड्यांत १२ आणि २४साठी वेगळा जंपर असतो आणि १२वर ठेवून २४ दिले की आतलं सर्किटचं कार्ड जळतं. पल्ला दहा मीटर लिहिलेला असतो. उन्हात, धुळीत, काच मळल्यावर तो निम्म्यावर आला असं धरूनच चालावं, तरीही चार मीटरच्या तोंडाला गाठीशी बऱ्यापैकी उरतं.

हातात घेतल्यावर पहिली नापसंती कव्हरच्या स्क्रूंबद्दल. दोन आखूड स्क्रू, मऊ लोखंडाचे, वर नावापुरता मुलामा. दोन पावसाळ्यांत ते गंजून बसतात, मग कव्हर उघडताना खाच झिजते आणि पुढे डबी फोडूनच काढावी लागते. बसवतानाच रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून त्याच मापाचे स्टेनलेसचे चार स्क्रू आणून बदलावेत. खर्च किरकोळ आहे आणि पुढची सगळी देखभाल त्यावर अवलंबून आहे. दुसरी नापसंती कव्हर आणि तळपट्टी यांच्यामधल्या रबराच्या दोरीची. ती खाचेत चिकटवलेली नसते, नुसती ठेवलेली असते. कव्हर लावताना एका कोपऱ्यात ती खाचेबाहेर येते आणि पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. कव्हर बसवल्यावर चारही बाजूंनी नखाने फट चाचपून बघावी.

दुकानातच करायची एक तपासणी आहे आणि ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १२ व्होल्टच्या ॲडाप्टरवर दोन्ही डब्या काउंटरवर समोरासमोर ठेवायच्या आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की वाजणारी सेटिंग) ठेवून कॉमन आणि एनसी या टर्मिनलांवर लावायचा. बीम, म्हणजे मधला किरण, मोकळा असताना मीटर वाजला पाहिजे. मधे हात घातला की आवाज बंद. इथवर दुकानदार स्वतःच करून दाखवतो. खरी परीक्षा यापुढे: हात बाजूला घ्यायचा आणि रिसीव्हरची वीजच काढायची. आताही मीटर गप्प झाला पाहिजे. तो वाजत राहिला तर त्या जोडीत रिले (विजेने खेचला जाणारा छोटा स्विच) उलटा चालतो, म्हणजे बीम तुटल्यावर खेचला जातो, एरवी सुटलेला असतो. अशा जोडीची वायर उंदराने कुरतडली, ॲडाप्टर गेला, कनेक्शन सुटलं, तरी मोटरच्या कार्डाला ‘सगळं ठीक आहे’ हाच निरोप जात राहणार. सुरक्षेच्या उपकरणात याहून वाईट दोष नाही. काही जोड्यांत टर्मिनलवर छापलेलं एनसी आणि रिलेचं प्रत्यक्ष एनसी यांत फरक असतो, म्हणून छापील अक्षरांपेक्षा मीटरवर विश्वास ठेवायचा. वीज काढल्यावर जो कॉन्टॅक्ट उघडा पडतो आणि बीम मोकळा असताना जुळलेला राहतो, तोच आपल्या कामाचा. असा कॉन्टॅक्ट नसेल तर जोडी परत ठेवून दुसरी मागावी.

घरी आल्यावर सगळ्यात जास्त गफलत होते ती मोटरच्या कार्डावर. सरकत्या गेटच्या किंवा चांगल्या शटरच्या कार्डाला फोटोसेलसाठी वेगळं टर्मिनल असतं आणि कारखान्यातून येताना त्या टर्मिनलवरून कॉमनपर्यंत वायरीचा एक छोटा तुकडा जोडलेला असतो. तो नसेल तर फोटोसेल न लावलेलं कार्ड शटर खाली सोडणारच नाही, म्हणून ती सोय. फोटोसेल जोडताना हा तुकडा काढायचा असतो. घाईत तो तसाच राहतो. मग होतं असं, की ट्रान्समीटर चालू, रिसीव्हर चालू, हात घातला की दिवा बदलतो, रिलेचा टिक आवाजही येतो, पण त्या वायरीच्या तुकड्याने टर्मिनल आधीच शॉर्ट असल्यामुळे कार्डाला यातलं काहीच कळत नाही. शटर खाली येतच राहतं. दिवा बघून समाधान मानणाऱ्या घरात हे वर्षानुवर्षं उघडकीला येत नाही. म्हणून कामगार जायच्या आधी कार्डाचं झाकण उघडून तो तुकडा निघाला आहे हे डोळ्यांनी पाहावं. दुरुस्तीला आलेला माणूस ‘तात्पुरतं डायरेक्ट करून दिलंय’ म्हणून गेला असेल तर तो तुकडा पुन्हा तिथे आलेला असतो, हेही लक्षात ठेवायचं.

आता साइड मोटरची साधी शटरं. जुन्या बंगल्यांत हीच जास्त: २३० व्होल्टची मोटर, साखळी, वर-थांब-खाली अशी तीन बटणं आणि नंतर जोडलेला रिमोटचा डबा. त्यातल्या बऱ्याच डब्यांना फोटोसेलचं टर्मिनलच नसतं. अशा ठिकाणी रिसीव्हरचा कॉन्टॅक्ट खालच्या लिमिट स्विचच्या (शटर तळाला पोचल्यावर मोटर थांबवणाऱ्या स्विचच्या) वायरीत सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, घ्यावा लागतो. बीम तुटला की मोटरला वाटतं शटर तळाला पोचलं, आणि ती थांबते. नुसत्या ‘खाली’च्या बटणाच्या वायरीत तो घेऊन भागत नाही, कारण बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा रिले) धरून राहतो आणि शटर उतरतच राहतं. आणि लिमिटच्या वायरीत बहुधा २३० व्होल्ट असतात, तर या डबीतला रिले २४-३० व्होल्टच्या हलक्या प्रवाहापुरता. सरळ जोडला तर काही दिवसांत त्याचे टोक वितळून चिकटतात, आणि चिकटलेला कॉन्टॅक्ट म्हणजे पुन्हा तोच कायमचा ‘सगळं ठीक आहे’. मधे १२ किंवा २४ व्होल्टच्या कॉइलचा, २३० व्होल्ट पेलणारा वेगळा रिले बेससकट बसवावा. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनचं आहे आणि मेन एमसीबी पाडूनच करायचं.

या जोडणीची मर्यादा स्पष्ट माहीत असावी. शटर थांबतं, उलटं वर जात नाही. ब्रेक ढिला असला तर थांबतानाही काही सेंटिमीटर घसरतं. ज्याला उलटं फिरणारं शटर हवं त्याने रिमोटचा डबाच बदलून फोटोसेलचं टर्मिनल असलेलं कार्ड घ्यावं. लहान मूल असलेल्या घरात हा खर्च करावाच. आणि तोवर रिमोट खिशात ठेवून शटर समोर उभं राहून बटणानेच चालवावं.

उंचीचा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षित. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती गॅरेजच्या मोटरींना अडकण्यापासून संरक्षण देणारी जास्तीची सोय कायद्याने बंधनकारक झाली, आणि तिथल्या उत्पादकांच्या सूचना फोटोसेल जमिनीपासून सहा इंचांच्या वर लावू नका असं सांगतात. सहा इंच म्हणजे १५ सेंटिमीटर. जमिनीवर पालथं पडलेलं मूल या उंचीवरच पकडलं जातं. आपल्याकडे मात्र सरकत्या गेटच्या सवयीने जोडी ५०-६० सेंटिमीटरवर, गाडीच्या बंपरच्या रेषेत लावतात. त्या उंचीवर रांगणाऱ्या मुलाच्या डोक्यावरून बीम सरळ निघून जातो.

पण १५ सेंटिमीटरवर लावली की दुसरी अडचण उभी राहते. गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६ ते २० सेंटिमीटर. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहिली आणि बीम पुढच्या व मागच्या चाकांच्या मधे आला, तर तो गाडीच्या पोटाखालून आरपार जातो. रिसीव्हरच्या लेखी तोंड मोकळं आहे. शटर टपावर उतरतं. म्हणून शहाणपणाचा उपाय दोन जोड्यांचा: एक १५ सेंटिमीटरवर माणसांसाठी, एक ५०-६०वर गाडीसाठी, आणि दोन्ही रिसीव्हरचे कॉन्टॅक्ट एकामागे एक सिरीजमध्ये. जोडी स्वस्त असण्याचा खरा फायदा इथे आहे. एका महागड्या जोडीच्या पैशात दोन साध्या येतात, आणि घरगुती शटरला एक उत्तम डोळा असण्यापेक्षा दोन उंचींवर दोन साधे डोळे जास्त उपयोगाचे. एकच जोडी परवडत असेल तर ती खाली लावावी. गाडीचा पत्रा सरळ करता येतो.

दोन जोड्या लावताना एका खांबावर दोन्ही रिसीव्हर लावू नयेत. एका जोडीचा ट्रान्समीटर जिथे, तिथे दुसरीचा रिसीव्हर. नाहीतर वरच्या ट्रान्समीटरचा पसरलेला किरण खालच्या रिसीव्हरलाही पोचतो आणि खालचा बीम तुटला तरी रिसीव्हर जागाच राहतो. महागड्या जोड्यांत यासाठी सिंक्रोनायझेशन, म्हणजे दोन जोड्यांचे किरण एकमेकांत मिसळू न देण्याची सोय, असतं, या साध्या जोडीत नाही.

डब्या शटरच्या गाइड चॅनेलवर कधीही लावू नयेत. पट्ट्या उतरताना चॅनेल थरथरतं, नेम हलतो आणि शटर मधेच विनाकारण थांबतं. खांबात किंवा भिंतीत गट्टी ठोकून, चॅनेलपासून दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत आणि शक्यतो आतल्या बाजूने लावाव्यात. जितकी जोडी शटरच्या पातळीपासून लांब, तितकी शटरखाली उभं राहूनही बीम न तुटण्याची जागा मोठी.

पुण्यात उन्हाचा त्रास कुठल्या घरांना होतो याचा एक सोपा हिशोब आहे. बीम तोंडाला आडवा जातो. म्हणजे उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड असलेल्या पार्किंगमध्ये तो पूर्व-पश्चिम धावतो, आणि रिसीव्हर एकतर उगवत्या सूर्याकडे बघतो किंवा मावळत्या. सूर्य क्षितिजाजवळ असताना ऊन थेट काचेत शिरतं, त्यातल्या इन्फ्रारेडने रिसीव्हर दिपतो आणि ठराविक वेळेला शटर खाली यायलाच नकार देतं. वास्तूच्या हिशोबाने उत्तराभिमुख बंगले पुष्कळ, त्यामुळे ही तक्रारही पुष्कळ. उपाय फुकट आहे: बसवतानाच सकाळ-संध्याकाळ बघून ज्या खांबावर समोरून ऊन येत नाही तिथे रिसीव्हर लावायचा. शेजारची इमारत किंवा झाड ज्या दिशेचं ऊन अडवतं, त्या दिशेकडे त्याचं तोंड. आधीच चुकीचं लागलं असेल तर दोन्ही डब्यांची अदलाबदल करावी, किंवा रिसीव्हरभोवती काळ्या पीव्हीसी पाइपचा पाच-सात सेंटिमीटरचा तुकडा नळीसारखा बसवावा. पूर्व-पश्चिम तोंडाच्या पार्किंगला हा त्रास जवळजवळ नसतो. तिथे बीम दक्षिणोत्तर जातो आणि पुण्यात ऐन डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४८ अंशांच्या आसपास वर असतो.

चकचकीत स्टीलची पट्टी, ग्रॅनाइटचा घासलेला खांब किंवा पांढरी गाडी बीमच्या अगदी कडेला असेल तर किरण तिच्यावरून परावर्तित होऊन अडथळ्याला वळसा घालतो. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकाच्या चाचणीत जो ठोकळा वापरतात, तो ७०० × ३०० × २०० मिलिमीटरचा, तीन बाजू मंद काळ्या आणि तीन आरशासारख्या चकचकीत. सेन्सर काळ्या कपड्यातल्या माणसालाही ओळखतो का आणि चकचकीत वस्तूनेही फसतो का, हे दोन्ही त्यातून कळतं. घरी तेवढ्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका घेऊन तीन बाजूंना काळा कागद आणि तीन बाजूंना स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चिकटवली की काम होतं.

वायरिंगला ट्रान्समीटरकडे दोन कोअर, रिसीव्हरकडे चार कोअर, ०.५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर पुरते. मोटरच्या २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ती ओढू नये. डबीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळातून गळून जातं, आत शिरत नाही. वायरीचं भोक खालच्या बाजूला, वर कधीच नाही. भोक बुजवताना आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नये. ते सुकताना ॲसिड सोडतं आणि तांब्याची टोकं हिरवी पडतात. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागून घ्यावी. आणि चारही बाजू हवाबंदही करू नयेत. पावसाळ्यातला दमटपणा आत अडकला की काचेवर आतून दव धरतं. तळाशी दोन मिलिमीटरचं एक बारीक भोक मोकळं असू द्यावं.

त्या भोकातून मुंग्या येतात, हे खरं. जून-जुलैत पाऊस लागला की काळ्या मुंग्या कोरडी, उबदार जागा शोधतात आणि रिसीव्हरच्या डबीत अंडी घालतात. रिलेच्या पायांमधे चिरडलेल्या मुंग्या आणि माती साचून कार्ड गंजतं. भोकाला आतून बारीक जाळीचा तुकडा चिकटवावा, खांबाच्या पायाला मुंग्यांच्या खडूची रेघ ओढावी. डबीच्या आत औषध फवारू नये. बाहेरच्या बाजूला कोळ्याची जाळी हा बारमाही विषय. कोळी नेमका काचेसमोरच्या कोनाड्यात जाळं विणतो, त्यावर धूळ बसते, आणि वाऱ्याने जाळं हललं की शटर अर्ध्यातून परत वर जातं. लोक मोटर बिघडली म्हणून माणूस बोलावतात, आणि तो बोटाने जाळं काढून व्हिजिटचे पैसे घेऊन जातो.

काच पुसायला ओलं, पिळलेलं सुती फडकं आणि मग कोरडं. पेट्रोल, थिनर, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही काचेला लावू नये, ती प्लॅस्टिकची असते आणि बारीक तडे जाऊन धुरकट होते. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा डबीवर मारू नये. वाकड, बाणेर, हिंजवडीकडे जिथे शेजारी बांधकाम चालू आहे तिथे दर पंधरा दिवसांनी पुसावं, जुन्या झाडीच्या भागात महिन्यातून एकदा पुरे.

दोन दिवस ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. दसऱ्याला गेटला आणि शटरला झेंडूचं तोरण बांधतात, आणि खांबावरून लोंबणारी माळ वरच्या बीममधे येते. माळ थोडी बाजूला घ्यावी. मोटरची पूजा करताना हळद-कुंकू कव्हरच्या वरच्या कडेला लावावं, काळ्या काचेवर नको. दुसरं, दिवाळीआधीचं रंगकाम. रंगारी भिंतीबरोबर डबीवरूनही ब्रश फिरवतो. आधीच दोन्ही डब्यांना मास्किंग टेप लावून ठेवावी, आणि रंग सुकल्यावर काढायला विसरू नये.

आता तपासणी. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. शटर पूर्ण उघडं ठेवून सुरुवात करायची. आधी वर सांगितलेला काळा-चकचकीत खोका बीममधे ठेवून ‘खाली’ दाबायचं. शटर हललंच नाही पाहिजे. मग खोका काढून शटर खाली सोडायचं आणि ते कमरेच्या उंचीवर आलं की बाजूला उभं राहून लांब केरसुणीच्या काठीने बीम तोडायचा. हात-पाय किंवा डोकं घालून कधीही नाही. कार्डाच्या सेटिंगप्रमाणे शटर थांबून उलटं वर गेलं पाहिजे, आणि सिरीजवाल्या जोडणीत जागच्या जागी थांबलं पाहिजे. हीच काठी तीन ठिकाणी: ट्रान्समीटरजवळ, मधोमध आणि रिसीव्हरजवळ. एखाद्या ठिकाणीच चालत नसेल तर कुठून तरी परावर्तन होतं आहे. दोन जोड्या असतील तर दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या. त्यानंतर शटर वर जात असताना बीम तोडायचा. वर जाणं थांबता कामा नये, नाहीतर अडकलेल्याला सोडवताना तोच अडसर ठरेल.

शेवटची पायरी बहुतेक जण टाळतात आणि तीच सगळ्यात मोलाची. मेन बंद करून ट्रान्समीटरची एक वायर सोडवायची, मेन चालू करून ‘खाली’ दाबायचं. शटर खाली येता कामा नये. मग पुन्हा मेन बंद करून ती जोडायची आणि रिसीव्हरच्या विजेची एक वायर सोडवून तेच. दोन्ही वेळा शटरने नकार दिला तर जोडणी प्रामाणिक आहे. कुठल्याही एका वेळी ते उतरलं, तर कार्डावर तो वायरीचा तुकडा राहिलेला आहे किंवा कॉन्टॅक्ट उलटा घेतलेला आहे. दुरुस्त होईपर्यंत रिमोट वापरू नये.

अमेरिकी गॅरेज दारांच्या सूचनांत आणखी एक चाचणी येते: दीड इंच जाडीची फळी जमिनीवर आडवी ठेवून दार तिच्यावर उतरू द्यायचं, स्पर्श झाल्यावर दोन सेकंदांत ते उलटं गेलं पाहिजे. ती चाचणी मोटरची ताकद ओळखण्याच्या सोयीची आहे, फोटोसेलची नाही. फळी बीमच्या खालीच राहते. आपल्या साध्या साइड मोटरला अशी सोय नसते. तिच्याखाली फळी ठेवली तर ती दाबतच राहील, पट्ट्या वाकतील, गुंडाळी सैल होऊन साखळी उतरेल. कार्डाच्या माहितीपत्रकात ताकदीचं सेटिंग दिलेलं असेल तरच ही चाचणी करावी.

बिघाड शोधताना फोनचा पुढचा कॅमेरा उपयोगी पडतो. ट्रान्समीटरच्या काचेसमोर धरला की त्यात जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यात दिसला नाही म्हणून डबी बाद ठरवू नये. ठिपका दिसतो पण रिसीव्हर जागा होत नाही, तर आधी काच, मग नेम, मग वीज या क्रमाने जावं. रिसीव्हरच्या टर्मिनलवर मीटर लावून शटर चालू असतानाचे व्होल्ट बघावेत. मोटर सुरू होताच ते १२च्या बरेच खाली जात असतील तर ॲडाप्टर किंवा जोड ढिला आहे. पल्ल्यात गाठीशी अजून काही शिल्लक आहे का हे बघायला ट्रान्समीटरच्या काचेवर बटर पेपरचा एक तुकडा धरावा. त्यातूनही बीम लागला तर धुळीच्या दिवसांची काळजी नाही, लगेच तुटला तर नेम पुन्हा साधावा.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की शटर इन्व्हर्टरवर चालतं, पण फोटोसेलचा ॲडाप्टर दुसऱ्या पॉइंटवर असतो आणि शटर खाली यायला नकार देतं. तो दोष नाही, जोडी बरोबर वागते आहे. अशा वेळी कॉन्टॅक्ट शॉर्ट करायचा नाही, ॲडाप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यायचा.

ही जोडी काय करत नाही तेही विकत घेताना कळायला हवं. ती एक रेघ बघते, पडदा नव्हे. १५ आणि ५५ सेंटिमीटरच्या मधे वाकून आत घातलेला हात तिला दिसत नाही. त्यासाठी शटरच्या तळपट्टीला बसणारी रबराची सेफ्टी एज हवी, जिच्या टोकाला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. मात्र कार्डालाही तशी सोय लागते. आणि मोटरचा गिअर तुटला किंवा साखळी सुटली तर कोसळणाऱ्या शटरला कुठलाही फोटोसेल थांबवू शकत नाही. तिथे शाफ्टवरचा सेफ्टी ब्रेकच कामाचा. जड शटराला तो नसेल तर आधी तो, फोटोसेल नंतर.

आरशाची म्हणजे रिफ्लेक्टरची एकडबी जोडी वायरिंग वाचवते, पण पोलराइज्ड फिल्टर (आपल्या आरशावरून परतलेला किरणच ओळखणारी काच) नसलेली स्वस्त आवृत्ती चकचकीत गाडीलाच आरसा समजते. पार्किंगसाठी ती नको. मोठ्या युरोपीय कंपन्यांच्या जोड्या काही पटींनी महाग. त्या पैशात मिळतं ते असं: नीट बसणारं रबर, फिरवता येणारी भिंगं, नेम साधायला मीटर लावायची टोकं, सिंक्रोनायझेशन, आणि कार्ड जुळत असेल तर फोटोटेस्ट. फोटोटेस्टमध्ये कार्ड दर वेळी शटर सोडण्याआधी क्षणभर ट्रान्समीटरची वीज काढून रिसीव्हर प्रतिसाद देतो का ते स्वतःच बघतं. वर सांगितलेली वायर सोडवायची पायरी ते रोज करतं. सोसायटीच्या सामाइक गेटला, जिथे दिवसात शंभरदा उघडझाप होते आणि महिन्याची तपासणी कुणाच्याच अंगावर नसते, तिथे हीच घ्यावी. घरच्या शटरला साधी जोडी चालते, कारण तिथे काठी घेऊन उभं राहणारं माणूस घरातलंच असतं.

दुकानातून निघताना बिलावर तारीख आणि जोडीचा मॉडेल नंबर लिहून घ्यावा. पाणी शिरून बिघडलेली जोडी बहुतेक दुकानदार बदलून देत नाहीत. तरी कार्ड कोरडं आणि रिले गेला असेल तर बिलाशिवाय बोलताच येत नाही. बसवल्याचा दिवस डबीच्या आतल्या बाजूला पर्मनंट मार्करने लिहावा. आणि जोड्या घेताना एक जास्तीची घ्यावी: एकाच घडणीचा ट्रान्समीटर-रिसीव्हर असला तरच जोडी नीट जुळते, आणि चार वर्षांनी नेमकी तीच घडण तपकीर गल्लीत मिळेल याची खात्री नसते.